शेजाऱ्याने बांध कोरून 12 वर्षं झाली, तर ती जमीन कायद्याने त्याची होते का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलेलं असं: 7/12 ला 80 आर लागलेत, पण शेतात तेवढी जमीन भरत नाही. शेजारी दरवर्षी नांगरटीच्या वेळी बांध वीत-दोन वीत कोरत आला. वडील होते तोवर ‘कुठं भांडत बसायचं’ म्हणून गप्प राहिले. आता तुम्ही विचारायला गेलात तर तो म्हणतो, ‘12 वर्षं होऊन गेली, आता कायद्यानं माझी झाली.’

नुसती 12 वर्षं उलटली म्हणून जमीन त्याची होत नाही. तरीही यापुढे एक हंगामसुद्धा दवडू नका. मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी बाजूला काम करते आणि बांधाचे दावे सतत हाताळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तो ज्याचा आधार घेतोय तो लिमिटेशन अ‍ॅक्ट, 1963 चा (दावा किती मुदतीत लावायचा ते ठरवणाऱ्या कायद्याचा) अनुच्छेद 65. मालकी हक्काच्या जोरावर ताबा परत मागायचा तर 12 वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. मुदत टळली तर याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे मालकाचा हक्कच संपतो. म्हणजे भीती खोटी नाही. पण ही 12 वर्षं मोजायची ती समोरच्याचा कब्जा तुमच्याविरुद्ध, ‘प्रतिकूल’ झाला त्या दिवसापासून, आणि तो दिवस सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर आहे. कर्नाटक वक्फ बोर्डाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली हे नीट मांडलंय: कब्जा कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या नात्याने घेतला, मालकाला तो माहीत होता का, किती काळ चालला आणि उघड व अखंड होता का, हे सगळं दावा करणाऱ्याने सांगायचं आणि शाबीत करायचं.

आता हे तुमच्या बांधाला लावून बघा. त्याने एका दिवशी तार ओढून पट्टा घेतलेला नाही. दरवर्षी थोडं थोडं कोरलंय. मग कोणत्या पट्ट्याची 12 वर्षं कधी भरली? सगळ्यात आधी कोरलेल्या भागाची कदाचित भरलीही असतील, पण गेल्या तीन-चार वर्षांत आत आलेल्या भागाची भरणं शक्यच नाही. शिवाय वीतभर सरकलेला बांध मालकाच्या लक्षात येईल इतका उघड कब्जा होता, हे त्याला पटवून द्यावं लागेल. माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू हीच आहे.

दुसरी अडचणही त्याचीच. प्रतिकूल कब्जा सांगायचा तर ‘जमीन मुळात तुमची होती’ हे आधी कबूल करावं लागतं. ‘बांध पहिल्यापासून इथंच होता, जमीन माझ्याच गटातली’ आणि ‘12 वर्षं कसली म्हणून माझी झाली’ ही दोन्ही म्हणणी एकत्र टिकत नाहीत. बहुतेक जण दोन्ही बोलतात आणि तिथेच अडकतात. तो शेजारी तुमचा भाऊबंद असेल आणि वाटप झालेलं नसेल, तर त्याचं काम आणखी अवघड, कारण सहहिस्सेदाराचा कब्जा सगळ्यांच्या वतीने धरला जातो.

मग घाई का करायची? पूर्वी प्रतिकूल कब्जा फक्त बचावाला वापरता येई. 2019 मध्ये रविंदर कौर ग्रेवाल खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की अशा कब्जाच्या आधारे स्वतः दावाही लावता येतो. उद्या वादी तोच असू शकतो.

आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: वकिलाची नोटीस पाठवून मुदत थांबत नाही. तलाठ्याकडे अर्ज देऊन नाही, गावात बैठक घेऊन नाही, मोजणी करूनही नाही. दावा दाखल झाला तरच थांबते. माझ्याकडे एक वयस्क गृहस्थ नोटिसांची अख्खी फाईल जपून घेऊन आले होते. पहिल्या नोटिशीला समोरच्याने ‘जमीन आता माझी आहे’ असं लेखी उत्तर दिलेलं, आणि त्याला 12 वर्षांहून जास्त काळ लोटलेला. ज्या कागदांवर त्यांची भिस्त होती, त्यांनीच कब्जा कधीपासून विरोधी होता आणि मालकाला माहीत होता हे सिद्ध केलं. ती जमीन परत मिळाली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कामाला येतो तो वेगळा कागद. ‘पेरणीनंतर बांध पूर्ववत करून देतो’ अशी शेजाऱ्याच्या सहीची चिठ्ठी, पंचांसमोरचा जबाब, असं काही वडिलांच्या पेटीत आहे का ते शोधा. मुदत संपायच्या आत दिलेल्या अशा लेखी, सहीच्या कबुलीपासून मुदत नव्याने मोजली जाते.

मोजणीचं म्हणाल तर आधी भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, गुणाकार बुक, फाळणी (हे जुन्या मोजणीच्या मापांचे आणि पोटहिस्स्यांचे कागद) आणि गटाचा नकाशा यांच्या नकला काढा. जुन्या टिपणात मापं साखळी-आण्यात असतात: 33 फुटांची साखळी, तिचे 16 आणे. मग हद्द कायम मोजणीचा, म्हणजे हद्दीच्या खुणा ठरवून देणाऱ्या मोजणीचा, अर्ज करा, आणि मोजणी संपूर्ण गटाची मागा, एकाच बाजूची नको. क्षेत्र कमी भरतंय म्हणजे ते याच शेजाऱ्याकडे गेलं असं नाही. कधी दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं, कधी रस्त्यात, कधी जमिनींचे तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणाच्या वेळच्या चुकीत. खुणा करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती आली की बोलायला आधार मिळतो. समोरच्याला मान्य नसेल तर तो निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागू शकतो. मोजणीवाले हद्द दाखवतात, ताबा घेऊन देत नाहीत. त्यासाठी कोर्टच.

शेवटची कोरणी सहा महिन्यांच्या आतली असेल तर तेवढ्या भागासाठी स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 6 खाली ताबा मागता येतो, तिथे मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही. बाकीच्यासाठी मालकीवर आधारित ताब्याचा दावा आणि पुढे कोरू नये म्हणून मनाई. त्या दाव्यात कोर्ट कमिशनरमार्फत (कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत) मोजणीचा अर्ज वकिलांना सुरुवातीलाच द्यायला सांगा.

‘एवढ्याशा पट्ट्यासाठी कशाला’ असं घरातले म्हणतील. 363 फूट लांबीच्या बांधावर तो तीन फूट आत आला की बरोबर एक गुंठा जातो. रागाच्या भरात जेसीबी लावून बांध सरळ करायला मात्र जाऊ नका, फौजदारी अंगावर येईल आणि दिवाणी बाजूही दुबळी होईल.

बांधावर जुनं बाभळीचं किंवा लिंबाचं झाड असेल, तर त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पूर्वी बांधावर असलेलं ते झाड आता त्याच्या रानात उभं दिसतंय का, ते इथे कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.