बिअरचं यीस्ट घरी वाढवून फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालतं का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: बाटलीच्या तळाचं यीस्ट घरी वाढवता येतं का, ते किती टिकतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवावं का. शेवटच्याचं उत्तर आधी देतो. ठेवू नका. याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या साडूंचं तीन वर्षांपासून वाजलेलं आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

मी मेलबर्नला असतो. इथे कूपर्सची पेल एल ही बिअर कुठेही मिळते. ॲडलेडची ही कंपनी १८६२ पासूनची, आणि त्यांची बिअर शेवटची आंबते ती बाटलीतच. म्हणून तळाला यीस्टचा साका असतो, तोही जिवंत. लोक पिण्याआधी बाटली आडवी करून लोळवतात, साका सगळीकडे मिसळावा म्हणून. मी उलट केलं. तीन बाटल्या दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवल्या, वरची निवळ अलगद ग्लासात ओतली (तिचं पुढे काय झालं ते सांगायला नको) आणि तळाची दोन बोटं बिअर साक्यासकट बरणीत घातली. बरणीत आधीच २०० मिली पाण्यात १० ग्रॅम माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या अर्काची) पूड उकळून, गार करून ठेवली होती. एवढं पातळ मुद्दाम. महिनोन्महिने उपाशी बसलेल्या यीस्टला एकदम गोड वर्ट, म्हणजे माल्टचं न आंबलेलं पाणी, झेपत नाही. लंघनानंतर पहिल्या दिवशी पेजच देतात, तसं. तीन दिवसांनी तळाला सायीसारखा थर दिसला. मग नेहमीचा स्टार्टर, म्हणजे बिअरमध्ये घालण्याआधी यीस्ट वाढवायचं पाणी: लिटरभर पाण्याला १०० ग्रॅम माल्ट.

त्या तीन बाटल्यांच्या यीस्टवर मी पुढे चौदा वेळा बिअर केली. युक्ती काहीच नाही. लिटरभर स्टार्टर लागणार असेल तर दीड लिटर करायचा, लिटर फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) ओतायचा आणि अर्धा लिटर बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवायचा. पुढच्या वेळी त्याच बरणीतून सुरुवात. सांगलीला आईला फोनवर हे कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे विरजणच की रे." मला जरा लागलंच, पण मुद्दा बरोबर होता.

मग आम्ही घर बदललं. जुनं भाड्याचं घर सोडायचं आणि नव्याचा ताबा मिळायचा, यात पाच आठवडे होते. तेवढ्यात भाच्याच्या लग्नाला भारतात जाऊन आलो. सामान गोदामात, आणि तीन बरण्या साडूंच्या फ्रिजमध्ये. देताना सांगितलं होतं, "खालच्या कप्प्यात, मागे ठेवा." परत आलो तर बरण्या फ्रीझरमध्ये, आंब्याच्या रसाच्या डब्यांशेजारी, दगड झालेल्या. साडूंचा चेहरा मात्र उपकार केल्यासारखा. बी.एस्सी.ला त्यांचा मायक्रोबायोलॉजी विषय होता, हे ते कोणालाही विसरू देत नाहीत. म्हणाले, "अरे, लॅबमध्ये सगळी कल्चर्स गोठवूनच ठेवतात. जास्त टिकेल म्हणून मीच हलवल्या." बायकोनं माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे भावोजींना काही बोलू नकोस. मी बोललो नाही. आता इथे बोलतो.

लॅबमध्ये गोठवतात ते ग्लिसरीन घालून, आणि उणे ८० अंशांना. ग्लिसरीन नसेल तर पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी आतून फाटते. शिवाय घरचा फ्रीझर एका तापमानाला राहतच नाही. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच गरम होतो, म्हणजे पेशी पुन्हा पुन्हा अर्धवट वितळणार आणि गोठणार. साडूंचा दुसरा दाखला होता पावासाठी आणलेल्या कोरड्या यीस्टच्या पाकिटाचा. ते वर्षभर फ्रीझरमध्ये राहतं की! राहतं, कारण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. माझ्या बरणीत काय होतं? पाणीच.

एक बरणी वितळवून उघडली, तर स्वयंपाकघरभर व्हेजिमाइटचा, म्हणजे इथल्या टोस्टवर लावायच्या खारट लेपाचा वास. थट्टा नाही. व्हेजिमाइट १९२३ साली बाजारात आलं ते याच मेलबर्नमधून, आणि ते बनतंच मुळी बिअरच्या उरलेल्या यीस्टच्या पेशी फोडून. माझ्या साडूंनी तेच केलं, फक्त टोस्टवर लावता येईल असं नाही. तरी वेडी आशा म्हणून स्टार्टर लावला. चार दिवस बघत बसलो, एक बुडबुडा नाही.

तर, किती टिकतं? फ्रिजमध्ये साधारण ४ अंशांना, स्वतःच्याच बिअरखाली बुडालेलं यीस्ट महिनाभर निर्धास्त वापरा. २० लिटर एलला दोनशे अब्ज पेशी लागतात, म्हणजे ताजा दाट साका असेल तर एक वाटीभर. दोन-तीन महिन्यांचा असेल तर आधी नवा स्टार्टर करून तो जागा होतो का पाहा. त्यापुढे नशीब.

बिअर काढून टाकून उकळून गार केलेल्या पाण्यानं यीस्ट धुवायचं, हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. मी तीनदा धुतलं. काही फायदा नाही. वरच्या बिअरमधलं आम्ल आणि अल्कोहोल जंतूंना आवरतं; ते ओतून तिथे साधं पाणी घालायचं कशासाठी? लॅबसारखं काचनळीत तिरप्या गोठवलेल्या अगारवर (समुद्रशेवाळाच्या जेलीवर) यीस्ट वर्षभरही राहतं, कबूल. पण १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीच्या प्रयोगशाळेत हान्सन या शास्त्रज्ञानं एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, ते अख्खी ब्रूअरी चालवायला. तुम्हाला महिन्याला २० लिटर करायची आहे. हौसच असेल तर त्या नळ्या निर्जंतुक करायला घरचा कुकर पुरतो, आत १२० अंशांच्या आसपास जातं.

राहिलेलं. बरणीचं झाकण गच्च लावू नका, वायू साठून काच फुटते. सगळ्याच बाटल्यांतलं यीस्ट उपयोगाचं नसतं. गाळून, पाश्चराइज करून भरलेल्या बिअरमधून काही उगवणार नाही. कूपर्सचं यीस्ट १८ अंशांच्या वर फार गेलं की केळ्याचा वास येतो. वर पांढरी बुरशीसारखी साय आली तर सरळ ओतून द्या, चव बघू नका. आणि तुम्ही महाराष्ट्रातून विचारत असाल, तर तिथे परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

हो, बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख घाला. साडूंचं आजही म्हणणं आहे की यीस्ट आधीच मेलेलं होतं, फ्रीझरला उगाच दोष देतोस. तिन्हीपैकी एक बरणी चार-पाच महिन्यांची होती, हे मलाही माहीत आहे. मी वितळवली ती कोणती, ते मात्र सांगता येत नाही, कारण चिकटपट्टी एकीवरही नव्हती.