वॉर्डात शिकायचे तरी कोणाकडून?

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात आमचे पोस्टिंग सुरू आहे. सकाळचा हँडओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणे) झाला की आम्हाला चाळीस रुग्णांचे टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब) घ्यायला, नमुने लॅबमध्ये पोहोचवायला आणि रुग्णांना एक्स-रेला न्यायला पाठवतात. प्रोसिजरची वेळ आली की आमच्या प्रिसेप्टर (वॉर्डात आम्हाला शिकवायला नेमलेल्या) सिस्टर ती स्वतःच उरकून टाकतात. गेल्या आठवड्यात एका आजोबांना रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातल्यावर सिस्टरांनी तिच्यातून सिरिंजने हवा सोडली, स्टेथोस्कोपने पोटावर आवाज ऐकला आणि फीड (नळीतून पातळ अन्न) द्यायला सांगितले. “कॉलेजात आम्हाला द्राव ओढून तपासायला शिकवलंय,” असे मी म्हणाले, तेव्हा सिस्टर नातेवाइकांसमोरच माझ्यावर ओरडल्या. लॉगबुकवर (केलेल्या प्रोसिजरच्या नोंदवहीवर) सही त्यांचीच लागते. तक्रार करावी, की गप्प बसून दिवस काढावेत?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी रायल्स ट्यूबविषयी लिहिते, कारण त्यात रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे. तुमचे म्हणणे बरोबर होते. हवा सोडल्यावर येणारा गुडगुड आवाज नळी चुकून फुफ्फुसाकडे गेलेली असतानाही पोटावर ऐकू येऊ शकतो, आणि अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाला अशा वेळी ठसका लागेलच असे नाही. म्हणून केवळ त्या आवाजावर विसंबून फीड सुरू करू नये. ओढलेल्या द्रावाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा कमी म्हणजे आम्ल जास्त) ५.५ किंवा त्याहून कमी असेल, तर नळी जठरात आहे असे धरता येते. द्राव येतच नसेल, किंवा आम्लता कमी करणाऱ्या औषधामुळे पीएच जास्त दाखवत असेल, तर डॉक्टरांना सांगून एक्स-रे करून घ्यावा लागतो. असा प्रसंग पुन्हा आला तर कॉलेजचा दाखला न देता, “सिस्टर, फीड देण्याआधी एकदा ॲस्पिरेट करून बघू का? मी सिरिंज आणते,” एवढेच हळू आवाजात म्हणा. तरीही नकार मिळाला, तर स्वतःच्या हाताने फीड देऊ नका आणि लगेच परिसेविकांना (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांना) किंवा ड्यूटीवरील डॉक्टरांना सांगा. तिथे सिस्टरांचा मान राखण्यापेक्षा आजोबांचा श्वास महत्त्वाचा आहे.

नातेवाइकांसमोर ओरडणे चुकीचेच होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण ती सिस्टर तुम्हाला का शिकवत नाही, हे पाहताना तिच्या टेबलावरचे काम मोजा. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. तुमच्या चाळीस खाटांच्या वॉर्डात एका पाळीला किती जणी असतात, ते तुम्ही रोज पाहताच. ‘प्रिसेप्टर’ म्हणून तिचे नाव यादीत लिहिले जाते, मात्र तिच्या वाट्याचा एकही रुग्ण कमी होत नाही. जे काम ती स्वतः पाच मिनिटांत करते, ते तुमच्याकडून करून घ्यायला वीस मिनिटे लागतात, आणि ती वीस मिनिटे तिला कोणीही दिलेली नसतात.

म्हणून माझा रोख त्या सिस्टरपेक्षा तुमच्या कॉलेजवर अधिक आहे. क्लिनिकलमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असला पाहिजे, असे परिषदेचा नियम सांगतो. ती रायल्स ट्यूब घातली जात असताना तुमच्या पाठ्यनिर्देशिका (कॉलेजच्या शिक्षिका) कोठे होत्या? विद्यार्थिनींना वॉर्डात सोडून शिक्षकांनी कॉलेजात परतायचे आणि पोस्टिंगच्या शेवटी फक्त फाइल तपासायची, ही पद्धत मी अनेक वर्षे पाहते आहे आणि तिची मला मनापासून चीड येते.

मी शिकत होते तेव्हा रात्रपाळीच्या एका अधिपरिचारिकेने माझ्या थरथरत्या हातावर स्वतःचा हात ठेवून मला सलाईन लावायला शिकवले होते. “सुईचं तोंड वर. रक्त दिसलं की कोन कमी कर, मग पुढे सरक.” तिला दोन मिनिटेही लागली नसतील, पण त्यानंतर मी कोणाचीही शीर घेताना तेच शब्द मनात म्हणत आले आहे. अशी एखादी सिस्टर तुमच्याही वॉर्डात असेल. ती तुमची नेमलेली प्रिसेप्टर नसली तरी तिच्या पाळीत तिच्यामागे राहा. हँडओव्हर संपताच, कामाला हात लागण्यापूर्वी, “आज कॅथेटर केअर मला करायची आहे, तुम्ही बघाल का?” असे एकाच प्रोसिजरचे नाव घेऊन विचारा. “मला काहीतरी शिकवा” या विनंतीला घाईच्या वॉर्डात उत्तर मिळत नाही.

बीपी-टीपीआरला मात्र कमी लेखू नका. काल ८४ असलेली नाडी आज १२० आहे, हे सर्वांत आधी तुमच्याच लक्षात येऊ शकते. नमुने पोहोचवण्यात रोजची सकाळ जाते, हे वेगळे. त्यात शिक्षण नाही. त्याची आठवडाभर तारीखवार नोंद ठेवा.

तक्रार जरूर करा, पण ती चार-पाच जणींनी मिळून, लेखी, कॉलेजच्या प्राचार्यांकडे करा. त्यात सिस्टरच्या स्वभावाविषयी न लिहिता कोणत्या दिवशी कोणते काम दिले गेले, कोणती प्रोसिजर हुकली आणि शिक्षक हजर होते की नाही, एवढेच लिहा. लॉगबुकवरची सही त्याच दिवशी, ड्यूटी संपण्यापूर्वी घ्या. शेवटच्या दिवसावर ठेवलेली सही अडवणे सोपे असते. सही नाकारली गेली, तर त्याच संध्याकाळी पाठ्यनिर्देशिकांना कळवा. आणि जी प्रोसिजर तुम्ही फक्त पाहिली, तिच्यापुढे ‘पाहिली’ असेच लिहा, सिस्टर ‘केली’ म्हणून सही द्यायला तयार असल्या तरी.