पंगतीतलं जेवण गरम होतं, मग कावीळ आली कुठून?

प्रश्न: सर नमस्कार, मी केज तालुक्यातून लिहितेय. मे महिन्यात भाचीचं लग्न झालं, पाणी टँकरचं होतं, पण आचाऱ्यानं सगळं डोळ्यासमोर शिजवलं, वाढप्यांना सॅनिटायझर पण दिलं होतं. तरी महिनाभरानं सहा-सात पाहुण्यांना कावीळ झाली, हेपेटायटिस ए निघाला. सगळे म्हणतात लग्नातलं नाही, इतके दिवस थोडीच लागतात. आता पोराचं लग्न ठरलंय, काय काळजी घेऊ?

उत्तर: ताई, इतके दिवस लागतातच. हा व्हायरस पोटात गेल्यावर १५ ते ५० दिवसांनी त्रास सुरू होतो, बहुतेकदा चार आठवड्यांनी. म्हणजे तुमचा संशय अगदी बरोबर बसतो, पण मधल्या काळात कोण कुठं काय प्यायलं ते बघितल्याशिवाय लग्नावरच बोट ठेवू नका.

सॅनिटायझरनं घात होतो तो असा. कोरोनाच्या व्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते विरघळवतं आणि तो संपतो. हेपेटायटिस ए आणि उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस यांना ते आवरणच नाही, नुसतं प्रोटीनचं टणक कवच, त्यावर अल्कोहोल फार चालत नाही. साबण त्याला मारत नाही पण हातावरून सुटा करतो आणि वाहत्या पाण्यानं तो निघून जातो, म्हणून वाढप्यांसाठी साबण आणि तोटीची टाकी ठेवाच.

उष्णतेनं मात्र ते कवच उकलतं. अन्न आतपर्यंत ८५ अंशांना एक मिनिटभर तरी तापलं पाहिजे, ६० अंशांवर हे व्हायरस बराच वेळ तग धरतात. मोठ्या पातेल्यात वरणाला कडेनं वाफ येते आणि मधे कोमटच असतं, तेव्हा दुसऱ्या पंगतीला गरम करताना तळापासून ढवळत खळखळ उकळी येऊ द्या. आणि ताई, खरी गडबड शिजवल्यानंतर होते असं मला वाटतं, कोशिंबीर, वरून टाकलेली कोथिंबीर, मठ्ठा आणि त्यातला बर्फ, यातलं काहीच परत चुलीवर जात नाही, आणि गोठवल्यानं व्हायरस मरत नाही, उलट टिकतो. उन्हाळ्यात बर्फ लागतोच हे कळतं, पण तो पेयात टाकू नका, भांड्याच्या बाहेरून लावा.

टँकरच्या पाण्याला १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते. आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत ओता आणि तासभर थांबा. पोतं उघडं पडलेलं असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, आणि पाणी गढूळ असेल तर माती-कचराच क्लोरीन खातो, व्हायरससाठी उरत नाही, म्हणून आधी निवळून गाळून घ्या. कुणाला मंडपात उलटी झाली तर आधी कागदानं पुसून साबणानं धुवा आणि मग लिटरला १५ ग्रॅम टीसीएलचं पाणी टाकून दहा मिनिटं राहू द्या, हातमोजे घालून. टॉयलेटच्या ॲसिडमधे ती चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

जुलाब झालेल्या माणसाला, थांबल्यावर सुद्धा दोन दिवस, स्वयंपाकाला लावू नका. काविळीत तर डोळे पिवळे व्हायच्या आधीचा आठवडा-दोन आठवडेच माणूस जास्त पसरवतो, त्याला स्वतःला पत्ताच नसतो, म्हणून हात सगळ्यांनीच धुवायचे, आचाऱ्यानं सुद्धा. आणि हेपेटायटिस एची लस मिळते, घरच्या मंडळींसाठी डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या.