नकाशातील रेषा आणि आपल्या गच्चीवरचा पाऊस

प्रश्न : आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो आणि गल्लीतील गणेशोत्सवाच्या मंडपाची व्यवस्था पाहतो. गेल्या उत्सवात एका संध्याकाळी मोबाइलवर पावसाची शक्यता ४० टक्के दाखवली होती, पण आमच्याकडे थेंबही पडला नाही आणि मांजलपूरला मात्र रस्त्यावर पाणी साचले. त्याच वेळी दुसऱ्या अ‍ॅपवर ७० टक्के हा आकडा होता. हवामान खात्याच्या नकाशावरील गोलाकार रेषा पाहिल्या तर त्यांतून आम्हांला काहीच उलगडत नाही. मग अंदाजावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : त्या संध्याकाळी अंदाज चुकला असे म्हणता येणार नाही आणि तो बरोबर आला असेही म्हणता येणार नाही, कारण ४० टक्क्यांचा अंदाज एका दिवसावरून तपासताच येत नाही. ज्या ज्या दिवशी ४० टक्के असे सांगितले गेले ते पुष्कळ दिवस एकत्र घेतले आणि त्यांपैकी शंभरात साधारण चाळीस दिवशी त्या ठिकाणी पाऊस झाला, तर तो अंदाज भरवशाचा. सत्तर दिवशी पडला असेल तर सांगणारा हात राखून सांगतो आणि दहाच दिवशी पडला असेल तर तो विनाकारण धास्ती घालतो. शास्त्रज्ञ याचा आलेखही काढतात : आडव्या अक्षावर सांगितलेली शक्यता, उभ्या अक्षावर पाऊस प्रत्यक्षात पडल्याचे प्रमाण. बिंदू कर्णरेषेच्या जितके जवळ, तितका अंदाज विश्वासार्ह.

एवढ्याने मात्र भागत नाही. बडोद्याचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. डिसेंबरभर रोज ‘हवामान कोरडे राहील’ असे सांगणारा बहुतेक दिवस बरोबर ठरेल, पण त्याने आपल्याला ठाऊक नसलेले काहीच सांगितलेले नसते. म्हणून अंदाजाची किंमत ठरवताना, त्या हंगामाच्या सरासरीवरून जे कोणालाही सांगता आले असते त्यापेक्षा तो किती अधिक सांगतो हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. ‘९० टक्के अचूक’ असा दावा कोठे वाचला तर तो कोणत्या महिन्यांचा आणि नेमक्या कोणत्या गोष्टीबद्दलचा, हे विचारल्याशिवाय स्वीकारू नये.

दोन अ‍ॅपमधील फरकाचे कारण असे की त्यांच्यामागची हवामानाची गणिती प्रारूपे (मॉडेल) वेगळी असतात, ती चालवण्याच्या वेळा वेगळ्या असतात आणि किती पाण्याला ‘पाऊस’ म्हणायचे ही मर्यादाही वेगळी असते. आपले हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानते. दुसरे म्हणजे प्रारूप पृथ्वीवर चौकटींचे जाळे टाकून प्रत्येक चौकटीसाठी गणित करते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकटींवर चालते. त्याआधी खात्याचे जागतिक प्रारूप १२ किलोमीटरच्या चौकटींवर चालत असे. दांडिया बाजार आणि मांजलपूर एकाच चौकटीत किंवा फार तर शेजारच्या चौकटींत येतात, आणि गडगडाटी ढगाचा पाऊस काही किलोमीटरच्या पट्ट्यापुरताच असतो. अमुक गल्लीत पडेल आणि तमुक गल्लीत पडणार नाही, हे आदल्या दिवशी सांगण्याची ताकद आज कोणत्याच प्रारूपात नाही. ते काम फार तर रडारवर ढग दिसू लागल्यावर दिलेला पुढच्या तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज करू शकतो.

माझी विनंती अशी की ढगाचे चित्र पाहून थांबू नये, खात्याचे निवेदन वाचावे. त्यातील शब्द मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील फार तर चौथ्या हिश्श्याच्या पाऊस मोजण्याच्या केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणापर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘मुसळधार’ हा शब्द चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे लागू होतो, ‘अतिमुसळधार’ ११५.६ पासून, आणि २०४.५ च्या पुढची पायरी सर्वांत वरची. मुसळधार पाऊस तुरळक ठिकाणी होईल असे निवेदन असेल आणि आपल्याकडे ऊन पडले, तर निवेदन खोटे ठरत नाही.

आता नकाशा. त्यावरील वाकड्या रेषा समदाब रेषा होत. हिशेबाने समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब ज्या ठिकाणी सारखा, ती ठिकाणे जोडून त्या काढतात आणि आपल्याकडे त्या बहुधा दोन-दोन हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचे एकक) अंतराने असतात. रेषा दाटीने आल्या की वारा जोराचा, विरळ असल्या की मंद. रेषा वळून बंद वर्तुळ झाले आणि आत दाब कमी असला तर ते कमी दाबाचे क्षेत्र. त्याभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. बडोदेकरांनी यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बंगालच्या उपसागरात तयार होणारी ही क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडत पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि त्यांचा सर्वांत जोराचा पाऊस बहुधा केंद्रात न पडता केंद्राच्या नैऋत्येला पडतो. त्यामुळे वर्तुळाचे केंद्र रतलाम-बांसवाड्याच्या आसपास दिसत असेल तर ते दूर आहे असे समजून निश्चिंत राहू नये, कारण बडोदे त्याच्या नैऋत्येलाच आहे.

राहिला मंडप. समजा, ताडपत्री भाड्याने आणण्याचा खर्च २,००० रुपये आहे आणि सजावट भिजल्यास २०,००० रुपयांचे नुकसान होईल. मग खर्च नुकसानीच्या दहाव्या हिश्श्याइतका असल्याने, पावसाची शक्यता १० टक्क्यांच्या वर गेली की ताडपत्री घालणेच हिशेबाला धरून आहे. ४० टक्क्यांना तर प्रश्नच उरत नाही. त्या संध्याकाळी पाऊस आला नाही म्हणून ताडपत्रीचा खर्च वाया गेला, असे मानू नये.

अंदाज स्वतः पडताळून पाहायचा असेल तर सरळ कडांचा, सपाट तळाचा डबा गच्चीवर भिंतींपासून दूर ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठला मोजपट्टीने पाणी मोजून तो रिकामा करावा. खाते सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लिहिते, म्हणून सोमवारी संध्याकाळी झालेली सर मंगळवारच्या आकड्यात येते. हे ध्यानात न घेतल्यामुळेच पुष्कळांना वर्तमानपत्रातील आकडे चुकीचे वाटतात.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. अ‍ॅपवर दहा-बारा दिवसांनंतर दुपारी किती वाजता पाऊस येईल हेही लिहिलेले असते. संगणक एवढे प्रचंड झाले असताना हे खरे का ठरू नये?
– एक विद्यार्थी, मांजलपूर

उत्तर : अडचण संगणकाच्या वेगाची कमी आणि सुरुवातीच्या नोंदींची अधिक आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये हवामानाच्या एका सोप्या प्रारूपाचे गणित पुन्हा चालवताना ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ हा आकडा भरला, आणि थोड्याच काळात दोन्ही उत्तरांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. आपण वाऱ्याचे, दाबाचे, बाष्पाचे मापन कितीही काळजीने केले तरी एवढा सूक्ष्म फरक राहणारच, कारण समुद्रावर आणि वाळवंटावर निरीक्षण केंद्रे विरळ आहेत. त्यामुळे रोजच्या हवामानाच्या तपशिलाला साधारण दोन आठवड्यांची मर्यादा मानली जाते. दहाव्या दिवसाच्या दुपारी तीनचा पाऊस ही मोजणीची अचूकता नसून केवळ गणितातून निघालेला आकडा असतो.

यावरचा उपाय मला फार प्रामाणिक वाटतो. हवामान अंदाजाचे युरोपीय केंद्र १९९२ पासून एकाच दिवसाचा अंदाज, सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फेरफार करून, अनेक वेळा काढते. आता असे अंदाज पन्नासाहून अधिक असतात. त्यांचे आलेख एकत्र काढले की पहिले दोन-तीन दिवस रेषा एकमेकींना चिकटून जातात आणि पुढे पंख्यासारख्या पसरतात. जेथे पसरल्या तेथे कोणालाच खात्री नाही, हे त्या चित्रातच दिसते. नकाशावर दाखवलेला चक्रीवादळाच्या संभाव्य मार्गाचा शंकूही याच कारणाने पुढे रुंद होत जातो. जून २०२३ मधील बिपरजॉयच्या वेळी सुरुवातीला प्रारूपांचे एकमत नव्हते, पण १५ जूनला ते जखाऊजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा तो किनारा काही दिवस आधीच सांगितलेला होता आणि एक लाखाहून अधिक लोकांना हलवता आले होते. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांमागे सुमारे एका दिवसाची प्रगती झाली आहे. आजचा पाच दिवसांचा अंदाज दशकापूर्वीच्या चार दिवसांच्या अंदाजाइतका चांगला असतो.

प्रश्न : ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस ओसरल्यावरही आमच्या भागात पाणी चढतच राहिले. हे अंदाजात का नव्हते?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : पावसाचा अंदाज आणि पुराचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेळी पूर्व राजस्थान आणि लगतच्या मध्य प्रदेशावरून तीव्र कमी दाबाचे क्षेत्र गुजरातवर आले, ते संथ गतीने सरकले आणि पुढे अरबी समुद्रात त्याचे ‘असना’ चक्रीवादळ झाले. मुसळधार पावसाचा लाल इशारा होता. पण शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या अजव्याच्या तलावाच्या वरच्या भागातील पाणीही तिच्यातच येते. ते शहरात पोहोचायला वेळ लागतो, आणि सपाट भागातून संथपणे पुढे जाताना ओसरायला आणखी वेळ लागतो. विश्वामित्रीवरील काळ्या घोड्याच्या पुलाजवळ २६ फूट ही धोक्याची पातळी. तेव्हा पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते.

म्हणून कारेलीबागेत राहणाऱ्याने शहराच्या अंदाजाबरोबरच वाघोडिया, हालोल आणि पावागडकडचा अंदाज, अजव्याची पातळी आणि काळ्या घोड्याची पातळी पाहावी. पुलाजवळचे पाणी २६ फुटांकडे चढत असेल आणि वरच्या भागासाठी इशारा कायम असेल, तर घरावर ऊन पडलेले असतानाही तळमजल्यावरील गाडी, पाण्याची मोटर आणि कागदपत्रे त्याच दिवशी उंचावर हलवावीत.