घरात सासऱ्यांना तीन आठवड्यांपासून खोकला आहे, महिन्याच्या बाळाला डांग्या खोकल्यापासून कसं जपायचं? ताप येतो म्हणून सासूबाई दीड महिन्याची लस पुढे ढकला म्हणतात, चालेल का?

लस ढकलू नका, डांग्याची लस त्यातच असते. दीड महिना भरला की त्याच आठवड्यात द्या. ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं आणि एक-दोन दिवसांत विसरूनही जातं. एवढं सासूबाईंना सांगा. पुढचं मात्र तीन आठवड्यांपासून खोकणाऱ्या तुमच्या सासऱ्यांना वाचायला द्या.

मी बाळंतपणाला माहेरी, नागपूरच्या महाल भागात होते. आमचे काका पोळ्याच्या आधीपासून खोकत होते. ताप नाही, दिवसभर माणूस ठणठणीत. रात्री मात्र उबळ आली की चेहरा लालबुंद होईपर्यंत खोकायचे, शेवटी उलटी व्हायची, मग शांत. खोकून खोकून एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. विचारलं तर म्हणे, "सिमेंट रोडची धूळ आहे बाप्पा. डांग्या मले लहानपणीच होऊन गेला, एकदा झाला का पुन्हा होत नाही." तान्ह्या पोळ्याला हेच काका इतवारीत मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत जाऊन 'खोकला घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फोडून आले आणि घरी येऊन पाळण्यावर वाकले.

माझ्या मुलीला सव्वा महिनाही झाला नव्हता. मोठ्या मुलांसारखा श्वास ओढतानाचा तो 'हूप' आवाज तिने कधी काढलाच नाही. दूध पिता पिता थांबायची, ओठ निळसर पडायचे, श्वासच घ्यायची नाही. मग एक बारीक उसासा टाकून पुन्हा प्यायला लागायची. आई म्हणाली, ठसका लागला. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात कोण खोकतंय?"

नाकात पार मागपर्यंत काडी घालून स्वॅब घेतला, रक्तात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या निघाल्या, ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. घरातल्या सगळ्यांना ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. काकांनी गोळी घेतली नाही. "मले काय झालं?"

मुलगी बरी झाली, आता शाळेत जाते. काका प्रत्येक लग्नात सांगतात, पोरीला गार वारा लागला होता. तर काका, वाऱ्याने हा रोग होत नाही. हा जंतू १९०६ साली ब्रसेल्समध्ये बोर्डे आणि झांगू या दोघांनी वेगळा काढला. तो माणसाशिवाय दुसऱ्या कोणात राहत नाही, म्हणजे बाळाला तो माणसाकडूनच मिळतो. आणि 'एकदा झाला की पुन्हा नाही' हेही खोटं. रोग होऊन गेल्याची ताकद काही वर्षांत ओसरते, लसीचीही ओसरते. मोठ्यांना तो नुसता हट्टी खोकला वाटतो, आणि तोच खोकला ते बाळापर्यंत पोचवतात.

म्हणून सासऱ्यांना आजच डॉक्टरकडे न्या, कफ सिरपच्या बाटल्या नका रिचवू. डांग्या ठरला तर ॲझिथ्रोमायसिनचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत बाळाची खोली बंद. औषधाने उबळ लगेच थांबत नाही, पण दुसऱ्याला लागण होणं थांबतं. घरच्यांना, बाळालाही, प्रतिबंधक औषध लागेल का तेही तेव्हाच विचारा. बारशाला खोकणारा पाहुणा आला तर दारातूनच पेढा देऊन परत पाठवा. राग येतो लोकांना, येऊ द्या.

पुढच्या वेळी गरोदरपणात २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान टीडॅप ही डांग्यापासूनही जपणारी लस घ्या. सरकारी दवाखान्यात मिळते ती टीडी. त्यात धनुर्वात आणि घटसर्प असतो, डांग्या नसतो. टीडॅप विकत घ्यावी लागते. बाळाच्या लसी दीड, अडीच, साडेतीन महिने अशा असतात, मग दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर. बूस्टरच लोक हमखास विसरतात.

काकांचा स्वॅब कधी झालाच नाही, त्यामुळे कोर्टात टिकेल असा पुरावा माझ्याकडे नाही. मी डॉक्टरही नाही. बाळाला आधी कधी झटके आले असतील तर लसीआधी डॉक्टरांना सांगा. महिन्याच्या बाळाला ॲझिथ्रोमायसिन मनाने देऊ नका आणि खोकल्यावर मध तर अजिबात चाटवू नका, वर्षाच्या आत मध नकोच. ओठ निळे पडले किंवा श्वास थांबतोय असं वाटलं तर सकाळची वाट न बघता जवळचं मोठं रुग्णालय, नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयो, गाठा.