रत्नागिरीच्या कॉलेजातून वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला जाता येतं का?

प्रश्न असा आहे की "एसवायला आहे, ८०० मीटर पळते, इथून वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सपर्यंत पोचता येतं का". लहान आहेस म्हणून अगंतुगं करतोय, राग मानू नको.

येतं ना. आधी मुंबई विद्यापीठाच्या इंटरकॉलेज (आपली कॉलेजं त्यातच येतात), मग विद्यापीठाची टीम, मग ऑल इंडिया इंटरयुनिव्हर्सिटी, आणि शेवटी टीम निवडते ती एआययू (देशातल्या विद्यापीठांची संघटना). वय १८ ते २५, आणि शिकत तरी असायला हवीस नाहीतर डिग्री होऊन वर्षाच्या वर झालेलं नको. दर दोन वर्षांनी असते, पुढची २०२७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियात.

आणि कॉलेजची स्पर्धा म्हणून हलक्यात घेऊ नको हां, १९७९ ला मेक्सिको सिटीत इटलीच्या पिएत्रो मेनेआने याच स्पर्धेत २०० मीटर १९.७२ सेकंदात मारले, तो वर्ल्ड रेकॉर्ड १९९६ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. आपल्या दुती चंदने २०१९ ला नेपल्सला १०० मीटरचं गोल्ड काढलं.

मी स्वतः १५०० पळायचो. सराव भाट्याला, ओहोटी लागली की ओल्या वाळूवर, म्हणजे भरतीचं टायमिंग बघून क्लास बुडवायचा. दम जबरदस्त वाढतो त्याने, पण मुंबईत सिंथेटिकवर पहिल्यांदा स्पाइक घालून पळालो तर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना कठडा सोडवेना. म्हणून स्पर्धेआधी चार-पाच दिवस तरी ट्रॅकवर पळायला मिळेल असं बघ.

पण मी अडकलो तो पोटऱ्यांमुळे नाही, कागदामुळे. एलिजिबिलिटी फॉर्मवर सही होती, कॉलेजचा शिक्का नव्हता, आणि ते कळलं दादरला उतरल्यावर. रात्रभर गाडीत उभ्याने गेलो होतो! २०२५ ला जर्मनीत याच वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला तर आपल्या १२ बॅडमिंटनवाल्यांपैकी ६ जण टीम इव्हेंटला बाहेरच बसले, नावंच नीट दिली गेली नव्हती. म्हणून फॉर्म सरांच्या भरवशावर सोडू नको, स्वतः ऑफिसात उभी राहून शिक्का मारून घे, झेरॉक्स जवळ ठेव.

तुझं ८०० चं टायमिंग किती ते कमेंटमध्ये टाक, पण सरांच्या स्टॉपवॉचचं नको, इलेक्ट्रॉनिक असेल तर सांग.