आमचा बंधारा जगाच्या नकाशावर का नाही?

प्रश्न : आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठावर. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी जगातल्या धरणांचा नकाशा बघितला. काळम्मावाडी, हिडकल सापडलं. आमचा कोल्हापुरी बंधारा नाही. मग असल्या नकाशाचा आम्हाला उपयोग काय? – एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार. बेळगावात मी वर्षानुवर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे तुमची तक्रार मनाला लागली. मोठं धरण म्हणजे पायापासून किमान १५ मीटर उंच, किंवा ५ ते १५ मीटर उंच पण ३० लाख घनमीटरहून जास्त पाणी साठवणारं, अशी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. तुमचा बंधारा त्यात बसत नाही. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका जागतिक नोंदीत उपग्रहचित्रं नजरेखालून घालून ३८,००० हून अधिक धरणं टिपली गेली. तिथंही चित्रात दिसेल तेवढंच आलं.

पण उपयोग आहे, आणि तो आपल्या सीमाभागालाच जास्त. वेदगंगेवर वर पाटगाव, दूधगंगेवर काळम्मावाडी. या दोघींचं एकत्र पाणी चिक्कोडी तालुक्यात कृष्णेला मिळतं. कृष्णेत कोयना-वारणेचं पाणी आधीच आलेलं असतं. खाली कर्नाटकात हिप्परगी, मग अलमट्टी ही धरणं. दरवर्षी पूर आला की इकडचे, कर्नाटकातले, वर बोट दाखवतात, तिकडचे, महाराष्ट्रातले, खाली. सगळी धरणं, त्यांचा साठा आणि विसर्ग एकाच नकाशावर आले तरच कुणाचं पाणी कधी कुठं पोचतं हे बोलता येईल. नदीला राज्याची हद्द ठाऊक नसते. अशाच नोंदींवरून २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की १,००० किलोमीटरहून लांब नद्यांपैकी जेमतेम ३७ टक्के उगमापासून मुखापर्यंत मोकळ्या वाहतात. बाकीच्यांचा गाळ वरच अडतो आणि मासे वर चढू शकत नाहीत.

छोट्या बंधाऱ्यांचा परिणाम मात्र या आकड्यांत नीट येत नाही, हे मला खरोखर खटकतं. पावसाळ्यानंतर बंधाऱ्याच्या गाळ्यांत, म्हणजे खांबांमधल्या मोकळ्या जागांत, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी थबकतं, गाळ बसतो, जलपर्णी माजते. खाली मात्र पात्र उघडं पडतं. बरगे काढायला उशीर झाला आणि पहिलाच लोंढा आला, तर ओंडके-पालापाचोळा गाळ्यांत अडकून पाणी बगलेनं शिरतं आणि काठाची जमीन खरवडून नेतं.

मुलाला सांगा, नकाशावर बंधारा स्वतः काढ. गाळे किती, बरगे कोणत्या महिन्यात घातले नि कधी काढले, फेब्रुवारीत पाणी वर कुठल्या शेतापर्यंत उभं असतं, हे शेजारी लिही. वरच्या आणि खालच्या गावातल्या मुलांनाही हेच करायला सांगा.